मधे दोघंच

कोच रुबेन अमोरिमला मँचेस्टर युनायटेडनं काढलं त्या दिवशी, म्हणजे 5 जानेवारी 2026 च्या सोमवारी, मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत मामांकडे होते. मामा शेंगा फोडत बसले होते. मी मोबाइलवरची बातमी वाचून दाखवली. मामांनी टरफलं बाजूला सारली आणि एवढंच म्हणाले, "चौदा महिनं टिकला. जास्तच टिकला."

मामा एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. तरुणपणी ते पेठेतल्या तालमीच्या संघाचे हाफ होते. पुढे तीसेक वर्षं त्याच संघाचे कोच. कोच म्हणजे बूट शिवून आणण्यापासून पोरांच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं. मी एका शाळेत मुलींना फुटबॉल शिकवते आणि कोचिंगच्या डी-लायसन्सच्या कोर्सची तयारी करते. या दुसऱ्या गोष्टीचं मामांना हसू येतं. युनायटेडच्या मॅचेस आम्ही जमेल तेव्हा एकत्र बघतो. म्हणजे मी बघते आणि मामा टीव्हीशी भांडतात.

"जास्त कसा? करार 2027 पर्यंत होता. आणि संघ आज सहाव्या नंबरवर आहे, मामा. पंधराव्या नाही."

"पंधराव्यावर न्हेला कुणी?"

"तो आला तेव्हा तेराव्यावर होता."

"म्हंजे दोन पायऱ्या खालीच न्हेला की!"

2024-25 चा तो हंगाम आठवला की अजून पोटात गोळा येतो. 42 गुण, पंधरावा नंबर. प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून युनायटेड इतकं खाली कधीच गेलं नव्हतं. बिलबाओला युरोपा लीगची फायनल टॉटनहॅमकडून 0-1 अशी हरलो, म्हणजे पुढच्या हंगामात युरोपचं दारही बंद. मला अमोरिमचं वकीलपत्र घ्यायचं होतं आणि पहिल्याच पानावर हे असलं सगळं लिहिलेलं.

मामांनी ताट पुढे ओढलं आणि शेंगदाणे मांडायला घेतले.

"हे बघ. तीन मागं. दोन्ही कडंला एकेक, वर-खाली पळून मरणारी. पुढं एक. त्याच्या पाठीमागं दोन. मधे किती उरली?"

"दोन."

"दोन! आणि समोरचा येतोय तीन घेऊन. दोघांत तिसरा मोकळा. एवढं तर आमच्या तालमीतल्या शेंबड्या पोराला कळतंय. आणि मला सांग, हा गडी स्वतः कुठं खेळायचा?"

"मधल्या फळीत."

"मग? हाफ खेळलेल्या माणसानं हाफच कमी केलं? सुतारानं आपल्याच घराला दार ठेवू नये, त्यातली गत झाली ही."

अमोरिमवर कितीतरी टीका वाचली होती, पण हा प्रश्न इतक्या सरळ कुणी विचारलेला माझ्या वाचनात नव्हता. मी कोर्सच्या वहीतलं उत्तर दिलं: पुढच्या एकट्याच्या मागचे दोघे आत येतात, चेंडू नसताना ते मधल्या दोघांना मदत करतात, कडेचे दोघे पुढे चढले की समोरच्या संघाची कड ताणली जाते. स्पोर्टिंगला हे असंच चालायचं.

"कुठलं स्पोर्टिंग? गोव्याचं?"

"लिस्बनचं, मामा. 1906 सालचं."

"मग तिथनं सांग. पहिल्यापास्नं. मला त्यो युनायटेडच्या कोटातच म्हाईत हाय."

पहिल्यापासून म्हणजे 27 जानेवारी 1985, लिस्बन. घरचा जीव बेनफिकावर, मुलगाही बेनफिकाच्याच शाळेत फुटबॉल शिकलेला. पण तिथून तो सुटला आणि लिस्बनमधल्याच बेलेनेन्सेसकडून वरच्या पातळीवर खेळू लागला. 2008 मध्ये बेनफिकानं त्याला परत घेतलं. तिथे लीगची तीन जेतेपदं त्याच्या वाट्याला आली: 2010, 2014 आणि 2015 ची.

"कसा होता खेळायला?"

"कुठेही खेळायचा. मधे खेळायचा, उजव्या कडेला खेळायचा, गरज पडली तर राइट बॅक. कोच म्हणेल तिथे."

"म्हंजे भोक बुजवणारा."

"भोक बुजवणारा काय, मामा! पोर्तुगालकडून 14 मॅचेस खेळलाय. दोन वर्ल्ड कप. 2010 ला नानी जखमी झाला म्हणून ऐनवेळी याला आफ्रिकेला बोलावून घेतलं."

"तेच म्हणतोय की मी! दुसरा पडला, तवा ह्याला बोलावलं. वाईट न्हाई सांगत. मी पण तसलाच हुतो. लेफ्ट बॅकचं लगीन निघालं की मी लेफ्ट बॅक."

मामांना अमोरिम थोडा आवडला तो इथे. त्यांच्या मते संघात असा एक गडी लागतोच. नाव छापून येत नाही, पण तो नसला की संघ लंगडतो. मी पुढचं सांगितलं. कोच जॉर्ज जेझुसशी त्याचे खटके उडाले, 2012 च्या सुरुवातीला त्याला उसना म्हणून ब्रागाला धाडलं, तिथे त्यानं लीग कप जिंकला आणि परत आला. 2014 च्या ऑगस्टमध्ये गुडघ्याचा लिगामेंट गेला. मग कतारच्या अल-वक्राकडे एक हंगाम, आणि बत्तिसाव्या वर्षी बूट खुंटीला.

"गुडघा," मामा म्हणाले आणि स्वतःचा डावा गुडघा चोळला. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत.

पुढचा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा रंगवून सांगितला. 2018 मध्ये अमोरिमनं कोच म्हणून सुरुवात केली ती कासा पिआ नावाच्या क्लबात, तिसऱ्या श्रेणीत. कासा पिआ हे मुळात लिस्बनमधलं अठराव्या शतकातलं अनाथाश्रमाचं नाव. तिथे शिकून बाहेर पडलेल्या मुलांनी 1920 मध्ये हा क्लब काढला. अमोरिमकडे मुख्य कोचला लागणारं लायसन्स नव्हतं आणि तो बाजूरेषेवर उभा राहून सूचना देत होता. तक्रार झाली, शिक्षा झाली, आणि 2019 च्या जानेवारीत त्यानं क्लब सोडला. संघ मात्र त्या हंगामाअखेर तिसरी श्रेणी जिंकून वर चढला.

मामा इतके हसले की शेंगदाण्यांची मांडणी विस्कटली. "लायसन! बाजूला हुबारून वरडायला लायसन! आणि तू त्येच काढायला निघालीयास व्हय?"

"ऐका तरी. पुढची गंमत. 2019 च्या नाताळाआधी ब्रागानं त्याला मुख्य संघ दिला. महिन्याभरात पोर्तोला हरवून त्यानं लीग कप आणला. ब्रागात जेमतेम तेरा मॅचेस झाल्या होत्या आणि स्पोर्टिंगनं त्याच्यासाठी एक कोटी युरो मोजले. कोचसाठी! आणि तेव्हाही लायसन्स पुरतं नव्हतंच. कागदावर मुख्य कोच म्हणून एमानुएल फेर्रो या सहकाऱ्याचं नाव लागायचं."

"एक कोट युरो म्हंजे आपलं किती?"

"तेव्हाचे ऐंशी-एक कोटी रुपये."

मामांनी एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले. "आणि ह्यो पोरगा बेनफिकाचा."

"बेनफिकाचा."

"आणि स्पोर्टिंग म्हंजे दुसऱ्या पेठेची तालीम."

हे मात्र मामांइतकं नेमकं मला कुठल्याच इंग्रजी लेखात सापडलं नव्हतं. एकाच गावातले दोन संघ, शंभराहून जास्त वर्षांचं वैर. घराघरात ठरलेलं असतं आपण कुणाचे ते. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांची मॅच असली की त्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा माणसं बाजू बघून बसतात. अशा गावात एका पेठेत वाढलेला आणि तिच्याच संघातून कपावर कप जिंकलेला पोरगा दुसऱ्या तालमीचा कोच होऊन येतो, तेही ऐंशी कोटींचा. लोकांनी काय म्हटलं असेल याची कल्पना करायला कोल्हापूरकराला पोर्तुगीज यायला नको. आणि स्पोर्टिंगची तेव्हाची अवस्थाही भयंकर होती. 2018 च्या मे महिन्यात तोंडं झाकलेले त्यांचेच चाहते सरावाच्या ठिकाणी घुसले आणि खेळाडूंना मारलं. कितीतरी खेळाडू करार मोडून निघून गेले. अमोरिम ज्या हंगामात आला, त्या हंगामातला तो चौथा कोच होता.

"पत्रकारांनी पहिल्याच दिवशी विचारलं, जमलं नाही तर? त्यानं उलट विचारलं, आणि जमलं तर?"

"बोलायला चांगलाय."

"जमलं ना पण! 2020-21. एकोणीस वर्षांनी लीग. 34 मॅचेसमध्ये एक हार, तीही जेतेपद ठरल्यानंतर, बेनफिकाशी 4-3."

"बेनफिकाशीच हरला?" मामांच्या डोळ्यांत चमक आली. "बघ. रक्त."

"मामा!"

"बरं, सांग. पण एक इचारतो. 2020-21 म्हंजे कोरोना. स्टेडियम रिकामं."

"हो."

"जे लोक खेळाडूंना मारायला सरावात घुसत हुते, ते घरी बसल्यालं. पोरं निवांत खेळली. माझा पण संघ रिकाम्या स्टेडियमात कुणाला ऐकला नसता."

हा ठोसा बरोबर बसला. पण माझ्याकडे 2023-24 चा हंगाम होता. स्टेडियम भरलेलं, 90 गुण, 96 गोल. त्यातले 29 व्हिक्टर ग्योकेरेसचे. हा स्वीडनचा फॉरवर्ड कॉव्हेंट्रीहून, म्हणजे इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतून आणलेला. त्याआधी 2020-21 ला पेद्रो गोन्साल्वेस, नुनो मेंडेस, गोन्सालो इनासियो, सगळी कोवळी पोरं. क्लबचा तेव्हाचा क्रीडा संचालक उगो वियाना हाही जुना हाफच. दोघांनी बसून ठरवायचं की या मांडणीला कुठला माणूस लागतो, आणि तसाच माणूस आणायचा. मधल्या दोघांत एक तोडणारा आणि एक चेंडू चालवणारा. आधी पालिन्या आणि जुआंव मारियो, पुढे युलमंड आणि मोरिता. मधे दोघंच होते. पण ते दोघं त्या कामासाठीच निवडलेले होते.

"मग आमचं काय वेगळं?" मामा म्हणाले. "म्हंजे उलटं. आम्ही आधी बघायचो आलं कोण. एकाची ड्यूटी, एकाची परीक्षा, एकाला बापानं कोंडून ठेवल्यालं. आलेली अकरा बघून डाव मांडायचा. ह्यो आधी डाव मांडतो आणि मग माणसं हुडकतो."

"मोठ्या क्लबात हुडकता येतात, मामा. म्हणून तर डाव आधी ठरवायचा."

"लिस्बनला आली हुडकता. मँचेस्टरला?"

5 नोव्हेंबर 2024 ची मॅच मी मामांना मुद्दाम आठवून दिली. अमोरिमनं युनायटेडला होकार दिला होता, स्पोर्टिंगच्या मैदानावरची त्याची ही शेवटची मॅच, समोर मँचेस्टर सिटी. पावणेतीन वर्षांपूर्वी, 2022 च्या फेब्रुवारीत, याच मैदानावर सिटीनं पाच गोल करून याच मांडणीच्या चिंधड्या उडवल्या होत्या. या वेळी 4-1 स्पोर्टिंग, ग्योकेरेसची हॅटट्रिक. "मांडणी तीच, मामा. पावणेतीन वर्षं त्यानं तीच धरून ठेवली, म्हणून पोरांना ती डोळे मिटून यायला लागली."

"मांडणी तीच, माणसं येगळी," मामा म्हणाले. "तूच सांगितलंस आत्ता. पाच खाल्लं तवा ग्योकेरेस कुठं हुता?"

"कॉव्हेंट्रीला."

"मग?"

आम्ही चहासाठी थांबलो. मामी मधे म्हणाल्या की एवढ्या लांबच्या माणसाची नोकरी गेली तर तुम्ही दोघं का ओरडताय. प्रश्न रास्त होता.

चहानंतर मी हल्ला केला. अमोरिम गेल्यावर स्पोर्टिंगनं त्याच मांडणीसाठी घरचाच जुआंव परेरा नेमला. मैदानावर जवळपास तेच अकरा, तीच तीन बॅकची मांडणी. पण संघ घसरला आणि नाताळातच परेराला घरी जावं लागलं. "म्हणजे नुसती मांडणी काही करत नाही. ती शिकवणारा लागतो. अमोरिम लागतो."

मी हे मोठ्या विजयी आवाजात म्हटलं. मामांनी कप खाली ठेवला.

"मग मांडणीचं एवढं सोनं कशाला करायचं? माणूस महत्त्वाचा म्हणतीस, तर त्या माणसानं मँचेस्टरला मांडणी बदलून बघायची हुती. माणूस तोच राहिला असता की."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. हे वाक्य डायरीत लिहून ठेवलंय.

मँचेस्टरचं प्रकरण आम्हा दोघांना पाठ आहे, त्यामुळे ते फार लांबलं नाही. नोव्हेंबरात, हंगाम सुरू असताना आला. संघ दुसऱ्यानं दुसऱ्या मांडणीसाठी जमवलेला. सरावाला आठवड्यात दोन दिवस मिळणं मुश्कील. जानेवारीत तो स्वतःच म्हणाला की कदाचित हा क्लबच्या इतिहासातला सर्वांत वाईट संघ असेल.

"आपल्या पोरांना चारचौघांत असं म्हणतात का?" मामांना हे कधीच पटलं नाही. "आमच्या संघात तर एक गोली असा हुता की चेंडू बघून डोळं मिटायचा. मी बाहेर काय सांगायचो? पोरगं धीराचं हाय."

"खरं बोलला तो."

"खरं घरात बोलायचं."

उन्हाळ्यात क्लबनं त्याच्यासाठी दोनशे दशलक्ष पौंडांच्या वर खर्च केला. कुन्या, म्बेमो, शेश्को आले. तिघंही पुढचे. मामा याच मुद्द्याची वाट बघत होते. "मधे कोण आणला?" कुणीच नाही. मधे कासेमिरो आणि ब्रुनो फर्नांडेस. ब्रुनो हाही स्पोर्टिंगचाच, पण 2020 च्या जानेवारीत तो लिस्बन सोडून गेला आणि मार्चमध्ये अमोरिम तिथे पोचला. जेमतेम महिन्याभराची चुकामूक. पुढे मँचेस्टरला दोघं भेटले, तेव्हा संघातला सगळ्यात चांगला पास देणारा माणूस अमोरिमनं खाली ओढून त्या दोघांतला एक केला. मग कोबी मेनूला जागाच उरली नाही. हे युनायटेडच्याच अकादमीतलं पोर, 2024 च्या एफए कप फायनलला गोल करणारं, त्याच उन्हाळ्यात इंग्लंडकडून युरोची फायनल खेळलेलं. 2025-26 मध्ये अमोरिम असेपर्यंत त्यानं लीगची एकही मॅच सुरुवातीपासून खेळली नाही.

"घरचं पोर बाकावर," मामा म्हणाले. "कशापायी? तर मधे दोघंच."

"ऑक्टोबरात अॅनफिल्ड जिंकलं त्यानं. 2016 नंतर पहिल्यांदा."

"आणि ऑगस्टात ग्रिम्स्बी."

ग्रिम्स्बी. चौथ्या श्रेणीचा संघ. 2-2, मग टायब्रेकर, सडनडेथ, 12-11. भर पावसात अमोरिम बाकावर बसून छोट्या पाटीवरच्या गोट्या इकडून तिकडे सरकवत होता, तो फोटो जगभर फिरला. त्या रात्री मामांनी मला फोन करून एकच वाक्य ऐकवलं होतं: "माझ्याकडं शेंगदाणं हायत, त्याच्याकडं लोहचुंबक."

आता एक माझं मत, मामांना न सांगितलेलं. अमोरिमचा हट्ट मला गर्विष्ठपणा वाटत नाही. चौदा-पंधरा वर्षं जो कोच म्हणेल तिथे खेळला, दुसऱ्याचं भोक बुजवलं, दुसरा जखमी झाला म्हणून वर्ल्ड कपला गेला, त्याला कधीतरी स्वतःची एक जागा हवी होती. ती त्याला खेळाडू म्हणून मिळाली नाही, मांडणीत मिळाली. म्हणून तो ती सोडायला तयार नव्हता. लोकांनी विनवलं, पत्रकारांनी डिवचलं, तर म्हणाला की पोप आले तरी बदलणार नाही. शेवटी शेवटी त्यानं जाहीरपणे सांगितलं की मी इथे मॅनेजर म्हणून आलोय, नुसता कोच म्हणून नाही. 4 जानेवारीला लीड्सला 1-1 झाल्यावर हे बोलला, आणि दुसऱ्या दिवशी नोकरी गेली.

पण मत कितीही प्रेमाचं असलं तरी मामांनी शेवटी काढलेला मुद्दा त्याला खाऊन टाकतो.

"नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, न्यूकॅसलशी," मामा म्हणाले. "किती बॅक होते मागं?"

"चार."

"का?"

"माणसंच नव्हती, मामा. ब्रुनो जखमी, मेनू जखमी, म्बेमो आणि अमाद आफ्रिकेच्या स्पर्धेला गेलेले."

"म्हंजे आलेली अकरा बघून मांडला डाव."

"...हो."

"काय झालं?"

"1-0. जिंकलो."

मामांनी ताटातला एक शेंगदाणा उचलून मागच्या ओळीत ठेवला, तिनाचे चार केले, आणि माझ्याकडे बघत राहिले. न्यूकॅसलनंतर चार दिवसांनी घरच्या मैदानावर वुल्व्हज आले होते. लीगमध्ये सर्वांत तळाला, तोवर हंगामभरात लीगची एकही मॅच न जिंकलेले. अमोरिमनं मागे पुन्हा तीन ठेवले. 1-1.